पिक्चर अजून बघितलाच नव्हता!

मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या आयटी सिक्युरिटीत आहे, आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे नोटिसांचा सीझन. नवी पोरं येतात, वायफाय जोडतात आणि लगेच डीएमसीएच्या, म्हणजे चोरून पिक्चर-गाणी वाटल्याच्या तक्रारींच्या मेल सुरू. डीएमसीए हा अमेरिकेचा कॉपीराइटचा कायदा, 1998 चा, त्यामुळे नोटीस आली की काहीतरी करावंच लागतं, ती डिलीट मारून मोकळं होता येत नाही.

नोटिशीत कुणाचं नाव नसतं बरं का. नेटवरचा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, पोर्ट (त्या पत्त्यावरच्या कनेक्शनचा नंबर), पिक्चरचं नाव, फाइलचा हॅश (तिची ओळख पटवणारा कोड) आणि वेळ, तीही यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. ज्या नोटिशीची ही गोष्ट, तिच्यात 02:14 होते, म्हणजे आमच्याकडे आदल्या रात्रीचे 9:14. हे पाच तास वजा करायचे राहिले की भलत्याच पोराचं नेट बंद! आणि पोर्ट दिलेला नसेल तर विषयच संपला, कारण एका पब्लिक आयपीमागे शेकडो जण असतात. इथे सगळं होतं. नॅटच्या (एक पब्लिक आयपी अनेकांत वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमधून आतला आयपी, डीएचसीपीमधून (आतले आयपी देणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीतून) लॅपटॉप, आणि लॅपटॉपवरून नाव. आडनाव वाचलं आणि म्हटलं, घ्या, हा तर आपलाच.

नेट बंद केल्यावर तासाभरात पोरगं हजर. सांगलीकडचं, मास्टर्सला आलेलं, घाम फुटलेला. आधी इंग्लिशमधे मॅम मॅम चाललं होतं, मी मराठीत बोलल्यावर एकदम "ताई, आईशप्पथ मी इथे आल्यापासून काहीच डाऊनलोड केलं नाही." आणि खरं सांगू, तो खोटं बोलत नव्हता. लॅपटॉप उघडायला लावला, तर खाली कोपऱ्यात घड्याळाशेजारी टॉरंट क्लायंटचं, म्हणजे लोकांकडून तुकड्यातुकड्याने फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचं, बारकं आयकॉन. विंडोजबरोबर आपोआप चालू होणारं. पिक्चर त्याने पुण्याच्या होस्टेलवर लावला होता, 61 टक्क्यांवर अडकला होता, मग पॅकिंग, विमान, ओरिएंटेशन, हा विसरला, पण क्लायंट कसा विसरेल, त्याला इथलं फास्ट नेट मिळाल्यावर तो जोमात कामाला लागला.

"पण ताई, तो पूर्ण उतरलाच नव्हता, मी बघितला पण नाही अजून!"

अरे बाबा, बघण्याचा संबंधच नाही. टॉरंटमधे जेवढे तुकडे तुझ्याकडे आले तेवढे तू लगेच दुसऱ्यांना वाटायला लागतोस, फाइल अर्धवट असली तरी. पिक्चरच्या कंपन्यांची माणसं त्याच घोळक्यात शिरून कोण देतंय ते टिपतात. त्याच्या स्क्रीनवर अपलोडचा कॉलम दाखवला तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. पुण्यात होस्टेलच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) डीसी हबवर, म्हणजे पोरांनी आपसात फाइली वाटायच्या अड्ड्यावर, शेअर केलं की पोरं थँक्यू म्हणायची, इथे त्याचीच नोटीस येते, हे पचायला जडच आहे.

मग अर्थात "जेलमधे टाकतील का, व्हिसा जाईल का". पहिल्या नोटिशीला आमच्याकडे फक्त क्लायंट काढायचा, एक क्विझ द्यायची, नेट चालू. नावही आम्ही कंपनीला देत नाही, ते मागायला कोर्टाचा कागद लागतो. पण मी त्याला आकडेही सांगितले, लपवून काय उपयोग. कायद्यात एका कलाकृतीमागे 750 ते 30,000 डॉलर्स, आणि मुद्दाम केलं असं ठरलं तर दीड लाखापर्यंत. 2009 मधे बोस्टन युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या जोएल टेनेनबॉमला 30 गाण्यांसाठी 6,75,000 डॉलर्स लावले होते. माझ्या मते हा आकडा वेडेपणाच आहे, पण कोर्टात माझं मत कोण विचारतंय.

क्लायंट अनइन्स्टॉल करताना लिस्टमधे खाली त्याच्याच कोर्सच्या टेक्स्टबुकची स्कॅन दिसली.

"हे पण काढू?"

"हे तर आधी काढ. लायब्ररीत रिझर्व्हला कॉपी असते, दोन तासांसाठी मिळते."

"दोनच तास?"

हो, आणि मिडटर्मच्या आठवड्यात तीही मिळत नाही, हे मी त्याला सांगून टाकलं.