परभणीहून संभाजीनगर: परतीच्या गाडीपासून मागे आखलेली सहल

दिवाळी सरून हवेत थोडा गारवा आला की आमच्या घरात छत्रपती संभाजीनगरला दोन मुक्कामांसाठी जाण्याचा विषय हमखास निघतो, आणि त्यापाठोपाठ भाड्याने गाडी करायची की नाही यावर चर्चा सुरू होते. यंदा गाडी करायची नाही, रेल्वे आणि एसटीनेच जायचे, असे आम्ही ठरवले. बरोबर सासूबाई, नवरा आणि आठवीतला मुलगा असे तिघे होते. या सहलीची आखणी करताना जो विचार करावा लागला तो सविस्तर लिहून ठेवते, कारण परभणी, नांदेड, हिंगोली या भागांतून संभाजीनगरला जाणाऱ्या पुष्कळ कुटुंबांपुढे हेच प्रश्न असतात.

सहलीचा बेत करताना आपण साधारणपणे पाहायच्या ठिकाणांची यादी आधी करतो. वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, भद्रा मारुती, मकबरा, पाणचक्की अशी यादी झाली की कोणीतरी पैठण आणि अजिंठाही त्यात घालतो. स्वतःची गाडी असेल तर हे चालून जाते, कारण उशीर झाला तरी परतण्याची वेळ आपल्या हातात असते. सार्वजनिक वाहनाने फिरणाऱ्याने मात्र उलट्या टोकाने सुरुवात करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. त्या दिवशी मुक्कामी परत आणणारी बसायला मिळेल अशी गाडी कोणती, हे आधी ठरवावे, आणि तिच्या अलीकडे जेवढे बसेल तेवढेच पाहावे.

त्याही आधी वार ठरवावा लागतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. ही अदलाबदल इतकी सहज डोक्यात होते की तिकीट काढण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवलेली बरी. श्रावणात जायचे असल्यास आणखी दोन वार टाळावेत. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून हजारो भाविक पायी जातात, आणि श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला रीघ लागते. दोन्ही ठिकाणांकडे जाणारा रस्ता एकच असल्याने त्या दिवशी बस कधी पोहोचेल याचा हिशेब करण्यात अर्थ नसतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दौलताबाद गावातल्या जुन्या तटाच्या दरवाजात वाहने अडकून पडतात, कारण मूळ रस्ता त्या अरुंद कमानीतूनच जातो. हे सगळे वजा करून आम्ही गुरुवारी निघून शनिवारी परतायचे ठरवले. मुलाची शाळा बुडाली, पण वेरूळला गर्दीत धक्के खाण्यापेक्षा ते बरे, असे मला वाटले.

परभणीहून संभाजीनगर रेल्वेने सुमारे १७७ किलोमीटर आहे. सकाळच्या प्रवासासाठी आमच्याकडची जुनी सोय म्हणजे मराठवाडा एक्स्प्रेस. उच्च न्यायालयाचे खंडपीठ संभाजीनगरला असल्यामुळे तारखेला जाणारे पक्षकार आणि काळा कोट हातावर टाकलेले वकील या गाडीत नेहमी दिसतात, आणि जागेवरून होणाऱ्या वादातही मग कायद्याची भाषा ऐकू येते. त्यानंतरची तपोवन एक्स्प्रेस आरामाची वाटते, परंतु ती पोहोचेपर्यंत दुपार होते आणि पहिल्या दिवसाचा चांगला भाग प्रवासातच जातो. परभणीच्या पश्चिमेला हा मार्ग अजून एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीसाठी मधल्या एखाद्या स्थानकावर थांबावे लागते. म्हणून वेळापत्रकातल्या पोहोचण्याच्या वेळेत अर्धा तास मनातल्या मनात मिळवूनच पुढची आखणी करावी.

तिकिटाबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अनारक्षित तिकीट २०० किलोमीटरच्या आतल्या प्रवासाचे असेल तर ते काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. आदल्या संध्याकाळी बाजारातून येताना स्टेशनवर जाऊन सकाळचे तिकीट काढून ठेवण्याची युक्ती त्यामुळे चालत नाही. सासूबाई बरोबर असल्याने आम्ही आरक्षणच केले. ते ६० दिवस आधी खुले होते.

खर्चाचा विचार केला तर एसटी स्वस्त पडते, आणि बरीच स्वस्त पडते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांमध्ये निम्मे भाडे आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद केली ती अजून पूर्ववत केलेली नाही. म्हणजे आमच्यापैकी सासूबाईंना एसटी पूर्ण फुकट आणि मला अर्धी. तरीही लांबच्या टप्प्यासाठी मी रेल्वेच निवडली. गुडघे आखडले की दोन पावले चालता येणे आणि स्वच्छतागृह डब्यातच असणे याचे मोल वय झालेल्या माणसाला किती असते, हे त्यांच्याबरोबर प्रवास केल्यावर कळते. एसटीची सवलत आम्ही शहराबाहेरच्या छोट्या फेऱ्यांसाठी वापरली. आधार कार्ड मात्र वरच्याच कप्प्यात असावे, कारण वाहकाला घाई असते आणि पिशवीच्या तळाशी गेलेले कार्ड सापडेपर्यंत मागच्या रांगेतून सूचना सुरू होतात.

मुक्काम कुठे करावा, यावर आमच्यात सर्वांत जास्त बोलणे झाले. नवऱ्याचे म्हणणे स्टेशनजवळ उतरावे, म्हणजे शनिवारी परतीची गाडी धरणे सोपे जाईल. माझे म्हणणे असे होते की स्टेशनवर आपल्याला दोनदाच जायचे आहे, पण वेरूळची बस मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटते आणि तीही सकाळी लवकर धरायची आहे. शिवाय औरंगपुरा, गुलमंडी, निराला बाजार हा संध्याकाळी पायी फिरण्याचा भाग त्याच बाजूला आहे. शेवटी समर्थनगरच्या परिसरात खोली घेतली आणि दोन्ही दिवसांच्या पुष्कळ रिक्षा वाचल्या. जालना किंवा बीडकडून एसटीने येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की त्यांची गाडी आधी सिडको बसस्थानकावर येते. नातेवाईक सिडको-हडकोत असतील तर तिथेच उतरणे शहाणपणाचे. तसे नसेल तर मध्यवर्तीपर्यंतचे तिकीट काढावे.

पहिल्या दिवशी दुपारनंतरचा वेळ शहरासाठी ठेवला. स्मार्ट सिटीची शहर बस स्टेशनपासून मध्यवर्ती बसस्थानकाकडे आणि पुढे जुन्या शहराकडे नेते, आणि प्रमुख रस्त्यांवर तिचा भरवसा धरता येतो. तिथून पुढे मात्र शहर बसच्या प्रतीक्षेत उभे राहण्यापेक्षा थोडे चालावे आणि थोडी रिक्षा करावी हे उत्तम. मध्यवर्ती बसस्थानकापासून पाणचक्की फार दूर नाही. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून इथे आणून त्या दाबावर जाते फिरवले जात असे, आणि मुलाला या सगळ्या सहलीत सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच. पंप नसताना पाणी एवढे उंच कसे चढले, हा प्रश्न त्याने रात्री जेवतानाही सोडला नाही. तिथून रिक्षाने मकबऱ्याला जाऊन उन्हे उतरताना तो पाहिला. सतराव्या शतकातली ही वास्तू आझम शाहने आई दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ उभारली. मकबरा रोज उघडा असतो, म्हणून वारांच्या कोड्यात तो कुठेही बसतो. परतताना भडकल दरवाजाशी थांबलो. मलिक अंबरने १६१२ मध्ये तो मोगलांवरील विजयानंतर बांधला. गुलमंडीवर इमरती घेतली. सासूबाईंनी साखर बंद असल्याचे सांगून दोन खाल्ल्या.

दुसरा दिवस वेरूळच्या रस्त्याचा, आणि सगळ्या आखणीचा कस इथेच लागतो. दौलताबाद साधारण १५ किलोमीटरवर, त्यापुढे घाट चढून खुलताबाद आणि मग सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ अशी ही ठिकाणे एकाच रस्त्यावर ओळीने आहेत, त्यामुळे एका बसने उतरावे, पाहावे आणि मागच्या बसने पुढे जावे, असा विचार सहज सुचतो. कन्नड, चाळीसगावकडे जाणाऱ्या एसटी या बाजूच्याच. तरीही चढण्यापूर्वी गाडी वेरूळमार्गे जाते का, हे विचारून घ्यावे. महामार्गाचा नवा रस्ता झाल्यानंतर लांब पल्ल्याची प्रत्येक गाडी जुन्या रस्त्याने जाईल असे गृहीत धरू नये. दौलताबाद नावाचे रेल्वे स्थानकही आहे, पण ते किल्ल्याच्या पायथ्याशी नाही, तेव्हा नावावर जाऊन रेल्वेने तिथे उतरू नये.

आता प्रश्न क्रमाचा. उन्हाच्या दृष्टीने पाहिले तर किल्ला सकाळी आणि लेणी दुपारी हाच क्रम बरोबर आहे. किल्ल्याची चढण दमवणारी आहे, अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, ओलांडून वरच्या बारादरी या इमारतीपर्यंत जाऊन परत यायला दोन-तीन तास सहज लागतात, आणि वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून असल्याने दुपारनंतर त्यांच्या आत चांगला उजेड जातो. फक्त तरुण मंडळी असतील तर मी हाच क्रम सांगेन. बसच्या दृष्टीने मात्र हा क्रम उलटा आहे. सकाळची बस मध्यवर्ती स्थानकावरूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते. संध्याकाळी चाळीसगाव, कन्नडकडून येणारी बस वेरूळला पोहोचते तेव्हा ती भरलेली असते. दिवसभर चालून थकलेल्या सत्तरीपुढच्या बाईला तिथून शहरापर्यंत उभे राहून आणायचे म्हणजे सहलीचा आनंद घाटातच सांडायचा.

म्हणून आम्ही सकाळी थेट वेरूळ गाठले आणि येताना दौलताबादला थांबलो. वेरूळलाही ३४ लेणी सगळी पाहायचीच असा आग्रह धरला नाही. आधी सोळावे, म्हणजे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली खोदत आणलेले हे मंदिर शाळांच्या सहली येण्यापूर्वी पाहिले की निवांत पाहता येते. नंतर बौद्ध लेण्यांपैकी दहावे, ज्याला लोक सुतार लेणे म्हणतात, आणि तीनमजली बारावे. जैन लेणी, म्हणजे ३० ते ३४, उत्तरेला बरीच बाजूला आहेत. तिकडे नवरा आणि मुलगा गेले आणि मी सासूबाईंबरोबर घृष्णेश्वराला गेले. जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केलेल्या या मंदिराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावे लागते, म्हणून नवऱ्याने थंडीचे कारण सांगून बाहेरूनच हात जोडले असते अशी मला दाट शंका आहे.

परतीच्या टप्प्यात एसटीसाठी थांबायचे की काळीपिवळीत बसायचे, असा एक प्रश्न येतो. काळीपिवळी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ती भरली म्हणजे काय याची चालकाची व्याख्या आपल्यापेक्षा उदार असते. तरी ती वेरूळहूनच सुटणारी असल्याने आधी जाऊन बसले तर जागा धरता येते, आणि खुलताबाद-दौलताबाद एवढ्या अंतराला ती पुरेशी आहे. दौलताबादला सासूबाई भारतमाता मंदिर आणि चाँदमिनारपर्यंत आल्या; तेवढा भाग बऱ्यापैकी सपाट आहे. पुढे खंदकाच्या पुलापर्यंत बापलेक जाऊन आले. बारादरी राहिली ती राहिली. फाटकाबाहेर सीताफळे विकणाऱ्या मावशींनी आम्हाला शहराकडे जाणारी बस कुठे थांबते ते नेमके दाखवले आणि त्या बदल्यात दोन किलो सीताफळे आमच्या गळ्यात मारली. दौलताबादहून शहर जवळ असल्याने इथून उभ्याने यावे लागले तरी ते सुसह्य ठरते, आणि क्रम उलटा करण्याचा खरा फायदा हाच.

अजिंठा या वेळी यादीतून काढला, आणि त्याबद्दल बहिणीने फोनवर नाराजीही व्यक्त केली. परंतु अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. तिथे फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरून पुढचे चार किलोमीटर वेगळ्या बसने जावे लागते आणि परतताना पुन्हा तेच. चार टप्प्यांपैकी एक जरी चुकला तरी संध्याकाळची गाडी चुकते. त्यासाठी स्वतंत्र सहल करावी, आणि शक्य असल्यास जळगावला मुक्काम ठेवावा, कारण तिकडून लेणी बरीच जवळ पडतात.

शनिवारी परतीसाठी दोन पर्याय होते. दुपारी मुंबईहून येणारी तपोवन, आणि संध्याकाळी मनमाडहून येणारी मराठवाडा एक्स्प्रेस. संध्याकाळची गाडी घेतली तर पैठणला जाऊन येता येईल, पन्नासच किलोमीटर तर आहे, असे नवऱ्याने नकाशा दाखवून सुचवले. मी तपोवनचे आरक्षण आधीच केले होते. सकाळी हिमरूची एक शाल घेतली, खोली सोडली आणि गाडीच्या वेळेच्या तासभर आधी स्टेशनवर पोहोचलो. पैठणसाठी एक पूर्ण दिवस लागेल. नाथमंदिर, पैठणीचे माग आणि नाथसागर हे तिन्ही पाहायचे असतील तर तिथे जाणारी पहिली बस आणि तिथून निघणारी शेवटची बस या दोन्हींच्या वेळा आधी बसस्थानकावर विचारून घेणार आहे.