डॉम नव्हे, बटलर

जून २०२०. शाळेचं ग्रंथालय मार्चपासून कुलूपबंद आणि मी, ग्रंथपाल, घरी जेवणाच्या टेबलावर झूम लावून बसलेली. ‘आर्टेमिस फाउल’ चित्रपट १२ तारखेला थिएटरऐवजी थेट ओटीटीवर आला. सातवीच्या वाचनकट्ट्याच्या ग्रुपवर मीच टाकलं, ‘बघून या, गप्पा मारू.’ सिनेमामुळे तरी चार पोरं पुस्तकाकडे वळतील, एवढीच आशा.

आमच्याकडे प्रत एकच. सिनेमा ज्यावर बेतलाय ती ओवेन कोल्फरची कादंबरी २००१ची. पानांच्या तळाशी चिन्हांची एक ओळ चालत राहते, ती जमिनीखालच्या परीलोकाची लिपी. आमच्या एका मुलीने ती मधल्या सुट्टीत बसून सोडवली होती. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर, माझ्या शिक्क्यांशेजारी, पेन्सिलीने बारीक अक्षरात सगळी किल्ली: हे चिन्ह म्हणजे ए, ते म्हणजे बी. रागवायला हवं होतं. नाही रागावले.

मीटिंग सुरू झाली. ‘मस्त होता’, ‘बोअर मारलं’, ‘आर्टेमिस सर्फिंग भारी करतो.’

‘तो कशाला सर्फिंग करेल?’ चिन्हं सोडवणारी ती मुलगी उसळली. ‘त्याला धड पळता येत नाही!’

खरं होतं. पुस्तकातला १२ वर्षांचा आर्टेमिस सरळसरळ गुन्हेगार आहे. टनभर सोन्याच्या खंडणीसाठी तो परीलोकाच्या पोलीस पथकातल्या हॉली शॉर्टला पळवतो. पडद्यावर मात्र वडिलांना सोडवायला निघालेला गुणी बाळ. पुस्तकात हॉली तिच्या पथकातली पहिली बाई, म्हणून वरिष्ठ अधिकारी रूट तिला जास्तच रगडतो. सिनेमात रूटच बाई, अभिनेत्री जूडी डेंच. डेंचबाई मला कशातही आवडतात, पण मग हॉलीचं भांडण उरलं कुठे? वर ‘अक्युलॉस’ नावाची एक वस्तू आणलीय, पुस्तकात तिचा पत्ता नाही, आणि सगळे तिच्यामागे.

हे मी बोलत होते तेव्हा ती गप्प होती. मग म्हणाली, ‘मॅडम, त्यांनी नाव सांगून टाकलं.’

‘कुणाचं? डॉमचं?’ एका मुलाने विचारलं.

तिचा कॅमेरा बंद झाला.

डॉम म्हणजे आर्टेमिसचा अंगरक्षक बटलर. ज्याचं रक्षण करायचं त्याला आपलं पहिलं नाव कळू द्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा दंडक. तिसऱ्या पुस्तकात गोळी लागते, आता आपण मरणार असं त्याला वाटतं, तेव्हा कुठे तो आर्टेमिसला ते सांगतो. सिनेमाने ते सुरुवातीलाच, ओळख करून देता देता, उधळलं. हिने तिसरा भाग दिवाळीतच वाचला होता आणि वर्गात कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता. मी विचारलं तर मलाही, ‘तुम्ही वाचा ना मॅडम.’ आणि मी सगळ्यांना आग्रहाने सिनेमा बघायला लावला होता.

‘चूक माझी,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बऱ्याच वेळाने कॅमेरा सुरू झाला. तिने पुस्तक उघडून पानाचा तळ स्क्रीनला चिकटवला. आधी नुसतं धूसर, मग चिन्हं दिसली. ‘हे काय आहे?’ सर्फिंगवाल्याने विचारलं. ‘वाच,’ ती म्हणाली. तो एकेक चिन्ह वहीत उतरवू लागला. चिठ्ठीवर माझा शिक्का दिसत होता, परतीची तारीख २० मार्च.

‘तुझं झालं की मला देशील?’ त्याने विचारलं.

‘शाळा उघडल्यावर. पण त्याला डॉम म्हणायचं नाही.’