माहेरचं नाव, सासरचं नाव आणि विमानतळ

आज दिवसभर फोनवर एकच विषय: लग्न झालं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा, तिकीट मात्र हौसेने नव्या नावाचं. चेक-इनलाच अडकतं हे. तिकीट हातातल्या चालू पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढायचं, लग्नपत्रिकेवरच्या नाही.

आपल्याकडे गुंता दुप्पट. आडनावासोबत मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि पासपोर्टवर ते बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं. म्हणजे दोन्ही रकाने बदलतात! (काही घरांत पहिलं नावही बदलतात, त्यांना नमस्कार.)

नाव बदलणं सक्तीचं नाही. माहेरचं नाव ठेवून पासपोर्टमध्ये फक्त नवऱ्याचं नाव जोडून घेता येतं. तेही री-इश्यूच (म्हणजे पासपोर्ट नव्याने काढणं), ३६ पानी पुस्तिकेचे १५०० रुपये.

बदललंच, आणि अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल, तर दोन्ही पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र हँडबॅगेत. चेक-इन बॅगेत नाही! व्हिसाचं पान फाडून नव्यात चिकटवू नका, तो व्हिसा बाद होतो. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही सोबत ठेवा. इतर देशांचे नियम वेगळे, दूतावासाच्या साइटवर बघूनच तिकीट काढा.