पोहता येतं? मग आता पोहू नकोस

बोटीवर नोकरीला जायचं तर सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक हवं, आणि सीडीसीसाठी आधी बेसिक कोर्स. इन्डॉस नंबर (खलाशांचा नोंदणी क्रमांक), मेडिकल, फी हे सगळं रीतसर उरकलं आणि नवी मुंबईतल्या एका संस्थेत दाखल झालो. पीएसएसआरच्या, म्हणजे बोटीवरची सुरक्षितता आणि वागणूक शिकवणाऱ्या तासाला जेवणानंतर निम्मा वर्ग पेंगायचा, त्यावर काय लिहिणार!

पीएसटीची, म्हणजे बोट सोडावी लागली तर पाण्यात जीव कसा वाचवायचा त्या कोर्सची, गोष्ट वेगळी. आम्ही रत्नागिरीकडचे, विहिरीत सूर मारत वाढलेले. पूलमध्ये उतरल्या उतरल्या मी हात मारायला लागलो, तर सर काठावरून ओरडले, "पोहता येतं ना? मग आता पोहू नकोस!" गार पाण्यात हातपाय हलवले की अंगातली ऊब झपाट्याने जाते. तरंगवायचं काम लाइफजॅकेटचं. आपण गुडघे पोटाशी घ्यायचे, दंड बरगड्यांना चिकटवायचे आणि गप्प राहायचं. पोहणाऱ्याला हे फार जड जातं.

उडीचंही तसंच. एका हाताने नाक-तोंड दाबायचं, दुसऱ्याने लाइफजॅकेट खाली ओढून धरायचं, नाहीतर पाण्याच्या दणक्याने ते हनुवटीवर बसतं. खाली कोणी नाही ना, हे आधी बघून घ्यायचं. मग नजर समोर आणि एक पाऊल पुढे. सूर मारायची सवय असलेल्याला खाली न बघता पडणं म्हणजे शिक्षाच.

उलटा पडलेला राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा गॅसने फुगणारा तराफा, सरळ करताना खरी दमछाक झाली. गॅसच्या सिलिंडरच्या बाजूला उभं राहायचं, तळाचा पट्टा धरून अंग मागे झोकायचं. राफ्ट अंगावरच येतो. घाबरायचं नाही, उताणंच सरकत बाहेर यायचं. राफ्टमध्ये माणशी दीड लिटर पाणी असतं आणि पहिले चोवीस तास ते प्यायचं नाही. जखमी असेल तर गोष्ट वेगळी. उलटीची गोळी मात्र चढल्याबरोबर घ्यायची, कारण उलटीतून पाणीच जातं.

आगीच्या कोर्सला धुराच्या खोलीत पाठीवर सिलिंडर, तोंडाला मास्क, डोळ्यांपुढे अंधार. भिंत चाचपायची ती हाताच्या मागच्या बाजूने. तळव्याने चाचपताना चालू वायर लागली तर मूठ तिच्यावरच आवळली जाते. हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की काम टाकून बाहेर.

पीएसटी आणि आगीच्या कोर्सचं रिफ्रेशर पाच वर्षांनी करावं लागतं. जाणाऱ्यांनी बॉयलर सूट (कामाचा अंगभर एकसंध पोशाख) दोन न्या. पावसाळ्यात हॉस्टेलवर एक काही वाळत नाही.