ताटात की वाटीत

बुधवार, रात्र

"मग त्यांचे वाचलेले पैसे कुठे गेले?" एवढंच विचारलं धाकटीने. जेवण चालू होतं, तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये. मी माझं नेहमीचं वाक्य नुकतंच टाकलं होतं: युक्रेनला बाहेरून जी आर्थिक मदत जाते ती बंदुकांना जात नाही, शिक्षकांच्या पगाराला आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनला जाते. हे वाक्य २०२२ पासून माझ्या तोंडात बसलंय. वाद तापला की काढायचं, समोरचा जरा नरमतो. ही नरमली नाही. "पगार दुसऱ्याने दिला तर पगाराचे पैसे शिल्लक राहिले ना? ताटात सांडलं काय नि वाटीत सांडलं काय."

मी म्हटलं, इतकं सोपं नाहीये ते.

"बरं," म्हणाली, आणि ताट घेऊन उठली.

त्या 'बरं'चा राग अजून जात नाहीये. कारण ते तितकंच सोपं आहे, आणि हे मला वाक्य टाकतानाही माहीत होतं.

नीट मांडून बघते. जागतिक बँकेचा 'पीस' नावाचा प्रकल्प, जून २०२२ मध्ये मंजूर झालेला. अमेरिकेच्या थेट अर्थसंकल्पी मदतीचा मोठा भाग या वाटेने गेला. त्याची पद्धत परताव्याची. युक्रेनचं सरकार आधी आपल्या तिजोरीतून पगार करतं, पेन्शन वाटतं, अग्निशमनवाल्यांचे पैसे देतं. मग कागद तयार होतात: कुठल्या खात्यात किती माणसं, किती रक्कम, तिजोरीतून कधी सुटली. लष्कर आणि सुरक्षेचा खर्च त्या यादीत चालत नाही. तपासणी झाली की डॉलर येतात. ते जमा होतात युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेच्या गंगाजळीत, आणि त्या बदल्यात सरकारच्या खात्यावर ह्रिव्निया, म्हणजे युक्रेनचं चलन, पडतात. डॉलर पुढे चलनबाजारात विकले जातात, कुणी त्यातून डिझेल आयात करतं, कुणी औषधं.

म्हणजे शिक्षिकेने तो डॉलर कधी पाहिलाच नाही. तिच्या हातात पडले ते ह्रिव्निया, आणि तेही डॉलर यायच्या आधीच. मी म्हणते पैसा शिक्षिकेला 'जातो'. कुठून कुठे जातो? एक पगारपत्रक आणि एक परताव्याचा अर्ज यांची बेरीज जुळते, एवढंच घडतं. तिजोरी एकच आहे.

त्याच तिजोरीतून दुसऱ्या बाजूला काय निघतं, तेही मला पाठ आहे. २८ फेब्रुवारी २०२२ ला, हल्ल्याच्या पाचव्या दिवशी, सरकारने आघाडीवर लढणाऱ्याला महिन्याला १ लाख ह्रिव्नियापर्यंत जादा भत्ता जाहीर केला. तेव्हाचा दर डॉलरला २९.२५, म्हणजे ३,४०० डॉलरच्या आसपास. हा खर्च देणाऱ्यांच्या पैशातून चालत नाही, तो देशातल्या करांतून आणि सरकार देशातच जे कर्ज उचलतं त्यातून. त्यासाठी कर ताणले. सैनिकांच्या पगारावरचा आयकर पूर्वी गावांच्या, शहरांच्या पालिकांकडे जायचा, तो २०२३ च्या शरदात केंद्राने काढून घेतला. पगारातून कापला जाणारा लष्करी कर १ डिसेंबर २०२४ पासून दीड टक्क्यावरून ५ टक्के झाला. शिक्षिकेच्याही पगारातून तो कापला जातो! तिचा पगार परदेशाच्या नावावर, तिच्या पगारावरचा कर आघाडीच्या नावावर. धाकटीला हे सुचलं असतं तर मी जेवण सोडून उठले असते.

यात फसवाफसवी कुणी करत नाही. नियमच तसे आहेत. युरोपीय संघाच्या मूळ करारातलं कलम ४१ (२) सांगतं की लष्करी स्वरूपाच्या कारवाईचा खर्च संघाच्या अर्थसंकल्पावर टाकता येणार नाही. मग शस्त्रांसाठी अर्थसंकल्पाबाहेर वेगळा निधी ठेवला, सदस्य देशांच्या वर्गणीचा. सदस्य देश आपल्या गोदामातलं युक्रेनला देतात आणि या निधीतून काही भरपाई मिळवतात. निधीचं नाव युरोपियन पीस फॅसिलिटी. पगारांच्या प्रकल्पाचं नावही पीसच. शांततेच्या दोन पाट्या, एक भाकरीच्या दारावर, एक तोफेच्या.

त्या पाटीचा सोयिस्करपणा मला खरा बोचला तो जानेवारी २०२३ मध्ये. अंड्यांचं प्रकरण. संरक्षण मंत्रालयाच्या अन्नपुरवठ्याच्या करारात अंडं १७ ह्रिव्नियाला लावलेलं होतं, तेव्हा कीवच्या दुकानात ते साताच्या आसपास मिळत होतं. मंत्र्यांचं स्पष्टीकरण असं की पुरवठादाराकडून लिहिण्यात चूक झाली, नग आणि वजन यांची गल्लत. कुणाला पटलं नाही. त्या आठवड्यात देणाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी (मीही त्यातच) लगेच म्हणून टाकलं, ते आपलं अंडं नाही. जेवणाचा करार त्यांच्या करांतून, आपले पैसे पेन्शनला. हिशेबाने शंभर टक्के खरं. पण सतराचं अंडं परवडायला तिजोरीत ज्या फटी बुजवाव्या लागतात त्या कोण बुजवतं, हे तेव्हा विचारलं नाही.

विचारलं नाही असं नाही. विचारून बाजूला ठेवलं.

इतकी वर्षं हे आकडे चघळतेय. जाहीर वेगळं, मंजूर वेगळं, प्रत्यक्ष हातात पडलेलं वेगळं, हे तीन आकडे एकत्र करू नका म्हणून लोकांना सांगून घसा बसला. जून २०२३ मध्ये पेंटागॉननेच सांगितलं की दिलेल्या शस्त्रांची किंमत ६.२ अब्ज डॉलरने जास्त धरली गेली, कारण जुन्या वस्तूला नव्या वस्तूचा भाव लावला. तेही मी समजावून सांगायचं. आणि शेवटी काय, एक पोरगी फोनवरून मान वर न करता माझं वाक्य सोलून बाजूला ठेवते. घरात कुणाला पडलंय म्हणा. दादा असता तर, जाऊ दे.

तर मग वाक्य खोटं का? हाच प्रश्न रात्रभर उलटसुलट करतेय.

ती म्हणते 'वाचलेले पैसे'. त्या वाचलेल्यातच गोम आहे. समजा मदत आलीच नाही. शिक्षकांचे पगार द्यायचेत म्हणून सरकारने तोफगोळे घेणं थांबवलं असतं का? हे अंदाजाने सांगायची गरज नाही, २०२२ च्या उन्हाळ्यात हे होऊन गेलंय. मदत जाहीर झाली होती, पण पोचत होती रडतखडत. आघाडीचा खर्च एक दिवसही थांबला नाही. तूट भरायला मध्यवर्ती बँकेने सरकारचे युद्धरोखे थेट विकत घेतले, त्या एका वर्षात ४०० अब्ज ह्रिव्नियांचे. साध्या मराठीत, नोटा छापल्या. २१ जुलैला ह्रिव्नियाचा दर २९.२५ वरून ३६.५७ वर आणावा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई आदल्या वर्षापेक्षा २६.६ टक्के वर. गोळा तेवढाच सुटला. पेन्शन तारखेला मिळाली, फक्त तिच्यात बसणारा बाजार कमी झाला.

पुढच्या वर्षी युरोपीय संघाने १८ अब्ज युरो कर्ज दिलं. जानेवारीत ३ अब्ज, मग महिन्याला दीड. मला या सगळ्या भानगडीत मनापासून आवडलेली गोष्ट हीच: रकमेपेक्षा तारीख. पगार महिन्याला होतात, मदत हप्त्याने आणि ठरल्या दिवशी आली तर अर्थखात्याला आखणी करता येते. २०२३ मध्ये त्या बँकेला तशी छपाई करावी लागली नाही. वर्षअखेर महागाई ५.१ टक्क्यांवर होती. चांगलं पीक आलं, त्याचाही हात आहे त्यात, सगळं श्रेय हप्त्याला देत नाही. पण फरक दिसतो.

म्हणजे मदतीने जे वाचतं ते बंदुकीचे पैसे नसतात. बंदूक पहिल्या पंगतीला बसते, ती जेवूनच उठते. मदत पोचते शेवटच्या पंगतीला. अर्ध्या रात्री हे सुचलं आणि वाटलं, हं, हे आहे माझं उत्तर, उद्या सांगते तिला.

मग लगेच लक्षात आलं की ती काय म्हणेल. म्हणेल, शेवटची पंगत उपाशी राहिली तर पहिली किती दिवस बसेल? तीन-चार वर्षं नुसत्या नोटा छापून कुठल्याच देशाला लढता येत नाही. तेव्हा लांबच्या हिशेबात मदत आघाडीलाही लागतेच. मग मदतीमुळे लढाई... नको, तो विषय आज नको.

पैसे द्यायला उशीर करणाऱ्यांचंही सगळं चूक होतं असं नाही. बायडेन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनसाठी मदतीची मागणी केली, अमेरिकी प्रतिनिधीगृहात मतदान झालं २० एप्रिल २०२४ ला, ३११ विरुद्ध ११२. सहा महिने. मधल्या काळात, फेब्रुवारीत, आघाडीवरचं अवदीइवका शहर रशियाच्या हाती पडलं. पण मंजूर झालेल्या त्या ६१ अब्ज डॉलरच्या पोटात काय होतं ते कितींनी वाचलं? २३ अब्जांच्या आसपास अमेरिकेची स्वतःची गोदामं परत भरायला. १४ अब्जांच्या आसपास युक्रेनसाठी नवी खरेदी करायला. सरकार चालवायला वगैरे जी आर्थिक मदत होती ती साडेनऊ अब्जांच्या घरात, आणि तीही कर्ज म्हणून दिली, म्हणजे विरोधकांना घरी जाऊन सांगता येईल की फुकट नाही दिलं. त्याच कायद्यात कर्जमाफीचं कलम होतं. १५ नोव्हेंबर २०२४ नंतर अर्धं माफ करायची मुभा. त्याच महिन्यात अर्धं माफ झालं.

'कर्ज' हाही माझ्या वाक्याचाच भाऊ. युरोपच्या त्या १८ अब्जांची मुदत जास्तीत जास्त ३५ वर्षं, मुद्दल २०३३ पर्यंत मागायचं नाही, व्याज युरोपच भरणार. डिसेंबर २०२५ मध्ये २०२६ आणि २०२७ साठी ९० अब्ज युरो ठरले तेही बिनव्याजी, रशियाने नुकसानभरपाई दिली तरच फेडायचे. याला कर्ज म्हणायला जीभ जड होते, दान म्हणायला संसद. ब्रिटनने १९४६ मध्ये अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलर घेतले होते, २ टक्क्यांनी, पन्नास हप्ते. मध्ये सहा वेळा हप्ता पुढे ढकलून शेवटचा भरला डिसेंबर २००६ मध्ये. जिंकलेल्या देशाला साठ वर्षं लागली.

चालढकल करणाऱ्यांचा एकच मुद्दा मला मनातून पटतो, पैसे सुटे सुटे द्या आणि कामं मोजून द्या. युरोपीय संघाच्या युक्रेनसाठीच्या ५० अब्ज युरोंच्या योजनेत तसं आहे. तिमाहीला ठरलेल्या सुधारणांची यादी, प्रत्येकीला तिची रक्कम. जुलै २०२५ च्या हप्त्यात सोळापैकी तीन अपुऱ्या निघाल्या, त्यातली एक भ्रष्टाचारविरोधी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या निवडीची. साडेचार अब्जांतले दीड अब्ज रोखले. राहिलेलं पूर्ण करा, मग उरलेलं घ्या. पैसा कुठे गेला हे शोधण्यापेक्षा पैशाच्या बदल्यात काय झालं हे बघणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. पगारपत्रकाला अंडं पकडता येत नाही. न्यायाधीशाला निदान शक्यता आहे.

दीड वाजून गेला. वाक्य दुरुस्त करून पाहिलं. असं झालं: मदत बंदुकीच्या नावावर जात नाही, पण तिजोरी एकच असल्यामुळे बंदुकीला तिचा आधार होतो, आणि मदत थांबली तर आधी बंदूक थांबत नाही, आधी पेन्शन थांबते किंवा पेन्शनची किंमत उतरते, आणि किती उतरते ते मदत किती आली यापेक्षा कधी आली यावर असतं. मोजलं. चाळीस शब्द. हे जेवताना म्हणायचं तर दोनदा श्वास घ्यावा लागेल, आणि दुसऱ्या श्वासाला धाकटी पुन्हा फोनमध्ये.

जुनंच वाक्य वापरणार आहे मी, मला ठाऊक आहे. फक्त 'जात नाही'च्या ठिकाणी आता जीभ जरा अडखळेल. तिने ताट घासून ठेवलंय. वाटी तशीच राहिलीय ओट्यावर.