सातवी पाकळी

मामांचा स्तूप, म्हणजे त्यांनी पुठ्ठ्यातून केलेला नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचा नमुना, मामींनी काल माळ्यावरून काढला. "घेऊन जा बाप्पा, तुलेच समजते हे." मलाही तसंच वाटत होतं. घुमट ज्या उभ्या, वर निमुळत्या पट्ट्या जोडून केलाय त्यांतली एक, सातवी पाकळी, रात्री हलताना दिसली म्हणून पांढरा गोंद लावून चिकटवून टाकली.

ती सुटलेली नव्हती. सकाळी टॉर्च मारून दारातून आत पाहिलं, तर पाकळीच्या खालच्या कडेला पुठ्ठ्याची जीभ आणि पायथ्यात तिच्या मापाची खाच. काढता यावी अशीच केलेली. सांचीचा स्तूप भरीव, दीक्षाभूमीचा आतून पोकळ. ती पोकळी दिसावी म्हणून. विचारता आलं असतं तेव्हा विचारलं नाही.

दिवसभर मापं घेत बसलो. मूळ घुमटाचा व्यास 120 फूट, म्हणजे 36.6 मीटर. 1:200 प्रमाणाच्या नमुन्यात 18.3 सेंमी. परीघ साडेसत्तावन्न, बारा पाकळ्या, म्हणून एकीचा पायथा 4.8 सेंमी आणि लांबी परिघाच्या चौथाई, 14.4. खरी चूक होते ती यापुढे. पायथ्यापासून टोकापर्यंत सरळ रेघा ओढल्या की घुमटाचा तंबू होतो. कड फुगीर हवी: 4.8 सेंमी वर गेल्यावर रुंदी 41.5 मिमी, 9.6 वर 24, मग टोक. मामांच्या पाकळ्या पट्टीला तंतोतंत उतरल्या. प्रत्येकी एकच मिलिमीटर जास्त झाला असता तर परीघ 12 मिमी वाढून घुमट बैठकीबाहेर गेला असता.

चिकटवायला मैद्याची खळ, मोरचूद घातलेली. म्हणून इतक्या वर्षांत कसर लागली नाही. पायथ्याच्या पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कागद, कारण एकाच बाजूचा कागद वाळताना आखडतो आणि पुठ्ठा बाक धरतो. आपल्याकडे मेमध्ये कोरडंठाक आणि जुलैत दमट, इथे तर हे हवंच. हे सगळं मामा समोर बसून करत होते आणि मी...

मला कुणी सांगितलं का नाही, हेच दुपारपर्यंत मनात घोळत होतं. पण त्यांनी वस्तूतच सांगून ठेवलं होतं. जीभ होती, खाच होती. ती बघायच्या आधीच मी गोंद लावला.

पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो, पण शेजारच्या पाकळ्यांची खळ त्याच्याआधी सुटते. म्हणून ब्रश नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, भिजवून घट्ट पिळायचा, फक्त सांध्यावर टेकवायचा. दहा मिनिटांनी पातळ ब्लेड टोकाकडून सरकवायचं. पायथ्याकडून घातलं तर जीभ कापली जाईल. अडलं की पुन्हा कापूस. जोर अजिबात नाही.

तीन सेंमी सुटले. आज एवढंच. कूलरची ओली हवा लागू नये म्हणून स्तूप मागच्या खोलीत ठेवला आहे.

ही पाकळी उघडते हे मामींना ठाऊक होतं का, ते उद्या फोन करून विचारतो.