एरिचेच्या डोंगरावर: परिषदेचा प्रवास आणि मुक्काम, माझा अनुभव

एरिचेला कसं जायचं आणि राहायचं कुठे, हे आमच्या लॅबमधली नवीन मुलं दरवर्षी विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे. इटलीतल्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला, त्रापानी बंदराच्या अगदी डोक्यावर, साधारण ७५० मीटर उंचीवर हे दगडी गाव आहे. त्रापानीतच जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अंतोनिनो झिकिकी यांनी १९६३ साली इथे एत्तोरे मायोराना या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने विज्ञानकेंद्र सुरू केलं. गावातले जुने मठ दुरुस्त होऊन त्यांची सभागृहं आणि राहायच्या खोल्या झाल्या. मी पीएचडी करत असताना तिथल्या आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र शाळेला गेले; शाळा म्हणजे तिथे भरणारी व्याख्यानांची परिषदच. तुमचा विषय दुसरा असला तरी तिथे पोचायची आणि राहायची पद्धत बहुतेक हीच असेल.

निवड झाल्याची मेल आली की आधी तिकिटं बघावीशी वाटतात. मी आधी आयोजकांना मेल केली आणि दोन गोष्टी मागितल्या: सही-शिक्क्याचं निमंत्रणपत्र, आणि विमानतळावरून वर येणाऱ्या बसच्या वेळा. निमंत्रणपत्रात तुमचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं, आणि राहणं-जेवण केंद्राकडे आहे हे स्पष्ट लिहिलेलं हवं. व्हिसाच्या फाइलमध्ये राहण्याचा पुरावा मागतात. आपल्याकडे हॉटेलचं बुकिंग नसतं, तेव्हा त्या एका वाक्यावर काम होतं. माझ्या पहिल्या पत्रात ते वाक्य नव्हतं. कळवल्यावर त्यांनी लगेच नवं पत्र पाठवलं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. खरी अडचण अपॉइंटमेंटची. उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्यांची एवढी गर्दी असते की तारीख महिनाभर पुढची मिळते. मोठ्यांसाठी फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. याशिवाय इन्स्टिट्यूटची एनओसी (ना-हरकत पत्र), फेलोशिपचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट. एनओसीवर सही करणारे साहेब बरोबर त्याच आठवड्यात दौऱ्यावर असतात, तेव्हा ती सगळ्यात आधी घेऊन ठेवा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत बदलता न येणारं तिकीट काढू नका; अर्जाला रिझर्व्हेशन पुरतं.

खर्च सरकारी अनुदानातून होणार असेल तर आणखी एक नियम सांभाळावा लागतो. तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारमान्य एजन्सींपैकीच एकीकडून काढावं लागतं. दुसऱ्या साइटवर स्वस्त मिळालं म्हणून काढलं तर बिल अकाउंट्समध्ये अडकतं. मी आधी अकाउंट्समधल्या मॅडमना जाऊन विचारलं. त्यांनी कोटेशनचा स्क्रीनशॉट, मंजुरीचं पत्र, बोर्डिंग पास अशी यादीच लिहून दिली. ती यादी मी फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवली होती.

आता विमानतळ. दोन पर्याय आहेत: त्रापानीचा बिर्जी आणि पालेर्मोचा पुंता रायझी. बिर्जी जवळ, पण तिथे मुख्यतः युरोपातल्या स्वस्त कंपन्यांची विमानं उतरतात. त्यांचे बॅगेच्या वजनाचे नियम कडक असतात आणि तिकीट वेगळं काढावं लागतं. आधीचं विमान उशिरा आलं तर पुढच्याची जबाबदारी कोणी घेत नाही. भारतातून जाणाऱ्याने मुंबई ते पालेर्मो एकाच तिकिटावर जावं, हे माझं ठाम मत आहे. पुंता रायझी पालेर्मो शहराच्या पश्चिमेला, म्हणजे त्रापानीच्याच बाजूला आहे. त्यामुळे शहरात शिरायची गरज पडत नाही. रोम किंवा मिलानला विमान बदलणार असाल तर शेंगेनचं इमिग्रेशन तिथेच होतं. मी मध्ये तीन तास ठेवले होते आणि रांगेतच त्यातले निम्मे गेले.

पालेर्मोला मी पोचले, माझी बॅग पोचली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला तेव्हा आम्ही मोजकेच लोक उरलो होतो. तिथल्या काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआर (हरवलेल्या सामानाच्या तक्रारीची नोंद) क्रमांकाचा कागद घ्यायचा असतो. तो घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, बॅग कुठे पोचवायची? केंद्राचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर माझ्याकडे कागदावर लिहिलेला होता, तो पुढे सरकवला आणि काम पाच मिनिटांत झालं. बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॅनने वर आली. माझ्या संशोधनाचा पोस्टर मी कापडावर छापून घेतला होता आणि घडी घालून पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला होता, त्यामुळे सकाळी तो वेळेवर बोर्डावर लागला. नळकांड्यातला कागदी पोस्टर नेणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं: कापडावर छापा. इस्त्रीसुद्धा लागत नाही.

विमानतळावर आयोजकांची माणसं गळ्यातल्या नारिंगी स्कार्फवरून ओळखता येतात. स्फटिकशास्त्राच्या शाळेची ती जुनी खूण आहे, आणि काहीही अडलं की आठवडाभर हेच लोक धावून येतात. बॅगेच्या भानगडीत माझी बस निघून गेली होती. स्कार्फवाल्या मुलाने मला पुढच्या बसमध्ये बसवलं आणि वर फोन करून खोलीची किल्ली राखून ठेवायला सांगितलं. शेवटच्या बसनंतर उतरणाऱ्याला टॅक्सीशिवाय फारसा पर्याय नसतो, आणि डोंगरापर्यंतचं भाडं विद्यार्थ्याच्या खिशाला जड जातं. बसच्या वेळा तिकिटाच्या आधी मागवायच्या त्या यासाठी. त्रापानीहून वर केबल कारही जाते, दहा-एक मिनिटांत. दिसतं फार सुंदर, पण जोराचा वारा सुटला की ती बंद ठेवतात. पोचायच्या दिवशी तिच्या भरवशावर राहू नका.

गावाच्या वेशीपासून पुढे रस्ते म्हणजे फरसबंदी. मोठ्या दगडी पट्ट्यांच्या चौकटी आणि आत बारीक दगड बसवलेले, असा नक्षीदार नमुना सगळ्या गल्ल्यांतून आहे. वर्षानुवर्षांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झालेत. ट्रॉली बॅगेची चाकं त्या चौकटींत अडकतात, आणि चढ आहेच. पाठीवरची सॅक आणि चांगल्या पकडीचे बूट हे इथलं खरं सामान. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी आयोजकांना आधीच कळवून सभागृहाजवळची खोली मागावी.

खोल्या मठाच्या, जाड भिंतींच्या. विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा दोघांत एक मिळते. माझी सोबतीण पोलंडची होती. पहिल्याच रात्री आम्ही डेटा प्रोसेसिंगवर एक वाजेपर्यंत बोलत बसलो. स्वस्त पडतं म्हणून खाली त्रापानीत हॉटेल घेण्याचा विचार काही जण करतात. मला तो पटत नाही. व्याख्यानं संपल्यावर, जेवताना, चौकात उभ्या उभ्या जे बोलणं होतं त्यासाठीच तर एवढ्या लांब जायचं. शेवटची बस गाठायला मध्येच उठून जाणाऱ्याच्या हातून तेच निसटतं.

जेवणाची सोय मला सगळ्यात आवडली. मी गेले तेव्हा गावातल्या ठरलेल्या खानावळींपैकी कुठल्याही जाऊन बसायचं, बिल्ला दाखवायचा, शेवटी चिठ्ठीवर सही करायची. पैसे केंद्र देतं. ज्यांचे पेपर वाचून मी माझी पहिली स्फटिकरचना (स्फटिकातले अणू कुठे आहेत ते) सोडवली होती, ते प्राध्यापक एकदा जागा नाही म्हणून आमच्याच टेबलावर येऊन बसले. माझ्या इलेक्ट्रॉन डेन्सिटी नकाशातल्या (स्फटिकात इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत ते दाखवणाऱ्या) एका न सुटणाऱ्या तुकड्याबद्दल मी भीत भीत विचारलं, तर त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर आकृती काढून समजावलं. सही करायला वेटरला दुसरी चिठ्ठी आणावी लागली.

शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही, मात्र सांगावं स्पष्ट: ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, मांस नको, मासे नकोत. नुसतं शाकाहारी म्हटलं तर सॉसमध्ये अँचोवी मासा निघू शकतो. टोमॅटो, बदाम, लसूण आणि तुळशीच्या जातीच्या पानांचं त्रापानीचं पेस्तो (वाटण) घातलेला बुझियाते नावाचा पिळदार पास्ता, आणि वांग्याची आंबटगोड कापोनाता, यांवर माझा आठवडा मजेत गेला. इथलं कुसकुस मात्र सहसा माशांच्या रश्श्यातलं असतं. बेकऱ्यांमधली कस्टर्ड भरलेली गरम जेनोवेझे सकाळीच खावीत.

हवेबद्दल दोन शब्द. खाली त्रापानीत लोक समुद्रात डुंबत असतात आणि वर धुकं चढून दहा पावलांवरचं दिसत नाही. मेअखेरीलाही स्वेटर आणि पातळ जाकीट लागलं. धुक्यात फरशा निसरड्या होतात, तेव्हा रात्री खोलीवर परतताना सांभाळून. आकाश मोकळं असलेल्या दुपारी व्हीनसच्या किल्ल्यापाशी जा. त्रापानीची मिठागरं आणि एगादी बेटं एका नजरेत दिसतात.

परतीच्या बसची यादी शाळा संपायच्या आदल्या दिवशी सूचनाफलकावर लागते. सकाळच्या विमानासाठी बस पहाटे अंधारात निघते, म्हणून किल्ली रात्रीच देऊन टाकायची. निघण्यापूर्वी कार्यालयातून हजेरीचं प्रमाणपत्र आणि भरलेल्या फीची पावती घ्या, दोन्हींवर तारखा आणि शिक्का आहे ना ते तिथेच बघा. पुढे मेलवर मागायला गेलं की फार दिवस जातात. बोर्डिंग पासचे फोटो मी प्रत्येक विमानात बसल्याबरोबर काढत गेले. मूळ कागद आणि फोटो दोन्ही जोडले, आणि अकाउंट्सकडून बिल एकही शंका न येता पास झालं.